समूहगान कोण चालवतं? भजनातले बुवा, शाळेतले सर आणि आता मोबाइलमधला ट्रॅक

‘कंडक्टर’ म्हटलं की आपल्याकडे आधी एसटीतला तिकीटवाला आठवतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र कंडक्टर म्हणजे गाणाऱ्यांसमोर उभा राहून हाताच्या इशाऱ्यांनी सगळ्यांना एकत्र ठेवणारा माणूस. मराठीत त्याला वृंदगान संचालक म्हणतात. हा शब्द फारसा रुळलेला नाही, पण हे काम आपल्याकडे शेकडो वर्षं चालू आहे. भजनात ते बुवा करतात, दिंडीत विणेकरी आणि चोपदार करतात, शाळेच्या परिपाठात संगीताचे सर किंवा बाई करतात.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे काम झपाट्याने बदललं आहे. कुठे माणसाची जागा ब्लूटूथ स्पीकरने घेतली, कुठे व्हिडिओ एडिटरने घेतली, तर कुठे यंत्रमानवालाही उभं करून पाहिलं गेलं. आणि जिथे पूर्वी फक्त पुरुष दिसायचे तिथे बायका दिसू लागल्या. हे नेमकं काय चाललंय आणि त्याने गाणाऱ्यांना काय फरक पडतो, ते पाहू.

हात हलवणारा माणूस नक्की करतो काय?

बघणाऱ्याला वाटतं, गायकांना गाणं पाठ आहे, समोर वाद्यं आहेत, मग हा माणूस हवेत हात कशाला फिरवतो? खरं काम पहिल्या सुराच्या आधीच होतं. संचालक हात वर घेतो, त्याच क्षणी स्वतः श्वास घेतो आणि त्याच्याबरोबर सगळे श्वास घेतात. किती वेगाने हात वर गेला त्यावरून गाण्याची लय कळते, किती जोरात गेला त्यावरून आवाज किती लावायचा ते कळतं. हात खाली येतो तेव्हा चाळीस तोंडं एकदम उघडतात. सर्वसाधारणपणे उजवा हात लय सांभाळतो आणि डावा हात आवाज चढव, उतरव, तू थांब, तू ये असं सांगतो. शेवटचं अक्षर कधी तोडायचं हेही त्याच्याच हातात असतं. ते सांगायला कोणी नसेल तर ‘स’ने संपणारा शब्द चाळीस वेळा ‘स्स्स’ करत संपतो.

या सगळ्याहून मोठं काम ऐकण्याचं. मागच्या रांगेतला सूर उतरतोय, डावीकडचे घाई करतायत, हे त्याला ऐकू आलं पाहिजे आणि पुढच्या दोन-चार मात्रांत सुधारलं पाहिजे. संचालक दाखवतो ते इशारे सगळ्यांना दिसतात, तो ऐकतो ते कोणाला दिसत नाही. पुढे यंत्रांची गोष्ट येईल तेव्हा हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

एकत्र श्वास घेण्याचा परिणाम शरीरावरही होतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी कमी-जास्त होताना दिसली. कारण साधं आहे. गाण्याच्या ओळी श्वास ठरवतात आणि श्वास हृदयाची गती ठरवतो.

पनवेलमध्ये गाणं कोण चालवतं?

पनवेल हे या बदलाकडे पाहायला चांगलं ठिकाण आहे, कारण इथे समूहगानाचे बरेच प्रकार काही किलोमीटरच्या आत सापडतात. २०१६ मध्ये महानगरपालिका झालेलं हे शहर एका बाजूला आगरी-कोळी गावांचं आहे आणि दुसऱ्या बाजूला खारघर, कामोठ्यातल्या टॉवरांचं.

गावातल्या भजनी मंडळाची रचना पाहा. बुवा पेटीवर बसतात, शेजारी पखवाज, समोर किंवा बाजूला टाळ घेतलेले झीलकरी, ज्यांना हल्ली ‘कोरस’च म्हणतात. बुवा ओळ म्हणतात, कोरस ती उचलतो. बुवांचे दोन्ही हात पेटीत अडकलेले, त्यामुळे इशारे मानेने, भुवईने, पेटीवरच्या एखाद्या जोरकस सुराने दिले जातात. लय वाढवायची असेल तर बुवा पखवाजवाल्याकडे एक नजर टाकतात आणि सगळं मंडळ दुगुणात जातं. कोकणात आणि मुंबईत गाजणाऱ्या डबलबारीत तर समोर दुसरं मंडळ बसलेलं असतं. तिथे बुवा गायक, संचालक, हजरजबाबी शाहीर आणि संघाचा कप्तान असं सगळंच असतात.

याच पनवेलमध्ये बेने इस्राएल समाजाचं बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. रायगड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या या समाजात प्रार्थना चालवणाऱ्याला हजान म्हणतात. तो हिब्रू ओळ म्हणतो आणि जमलेले लोक त्याला साथ देतात. याच समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठी कीर्तनंही सुरू केली. म्हणजे कीर्तनकाराने पुढे व्हायचं आणि मागच्यांनी धरायचं ही पद्धत धर्माची भिंत ओलांडून गेली होती.

तिसरा प्रकार रोज धावतो. हार्बर मार्गावरची लोकल १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आली. पनवेलहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जायला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो, म्हणजे एका छोट्या भजनाच्या कार्यक्रमाएवढा. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं प्रसिद्धच आहेत. पण संचालनाच्या दृष्टीने तो प्रकार फार अवघड आहे. डब्यात इतकी गर्दी की बुवा दिसतच नाहीत, गाडीचा खडखडाट इतका की बारीक आलाप पोहोचत नाही. म्हणून तिथे सोप्या चाली चालतात, टाळ मोठा लागतो आणि बुवांना प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर ठासून म्हणावं लागतं. त्याच डब्यात झोप काढायला बसलेल्या प्रवाशांना काय वाटतं हा वेगळा विषय आहे, आणि त्यांचीही बाजू आहे.

लाखभर लोक थांबवणारा दंड

समूहगानाचं सगळ्यात मोठं संचालन जगात कुठे होतं? युरोपात एस्टोनियाचं नाव घेतात. तिथे १८६९ पासून गीतमहोत्सव भरतो आणि हजारो गायक एका संचालकाच्या हाताकडे पाहून गातात. संचालकाला त्यासाठी उंच जागी उभं राहावं लागतं.

उंच का, त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या रांगेचा आवाज जवळपास पाव सेकंदाहून जास्त उशिरा ऐकू येतो. ऐकून गायला गेला तर तो मागेच पडणार. प्रकाशाला मात्र उशीर होत नाही. म्हणून मोठ्या समूहात कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवावा लागतो.

वारकऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीचं गाणं स्वतंत्र असतं. मध्ये विणेकरी, पुढे दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा आणि मृदंग. रथापुढे २७ दिंड्या आणि मागे कितीतरी जास्त. सगळ्यांनी एकच अभंग एकाच वेळी म्हणायचा हट्ट कोणी धरत नाही, कारण मैलभर लांब रांगेत ते शक्यच नाही. पण संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीला सगळ्या दिंड्या एकत्र येतात तेव्हा चोपदार हातातला दंड वर करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात.

यातला खरा बारकावा पुढे आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागेवरून वाद झाला, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. शांततेत तेवढाच आवाज येत राहतो. मग चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकली जाते, आणि त्यानंतर आरती होते. संचालकाचा इशारा न मानण्याची अधिकृत सोय असलेली दुसरी वृंदगान परंपरा शोधूनही सापडणं कठीण.

शाळेतलं समूहगीत: पेटीपासून स्पीकरपर्यंत

महाराष्ट्रात धर्माबाहेरच्या समूहगानाला जोर आला तो स्वातंत्र्य चळवळीत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं दरबारातून सभेत आणलं. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात प्रार्थनेचं गाणं सांभाळत आणि १९३० च्या दांडी यात्रेतही ते चालले. गायनाचं शिक्षण नसलेल्या माणसांना रोज एकत्र गायला लावणं हे त्यांचं काम होतं. मास्टर कृष्णरावांनी ‘वंदे मातरम्’ला सामान्य माणसांना समूहात गाता येईल आणि बँडवर वाजेल अशी चाल लावली आणि ती दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांसमोर सादर केली.

पण शाळकरी मुलांच्या समूहगीतात सगळ्यात मोठं नाव संगीतकार वसंत देसाई यांचं. ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी हजारो मुलांकडून मैदानावर एकत्र गाणी गाऊन घेतली. सिनेमाचा एवढा मोठा संगीतकार धुळीच्या मैदानावर उभा राहून हातवारे करत मुलांना सुरात ठेवतो, हे आज कल्पनेतही अवघड वाटतं. देशभरातल्या शाळांत म्हटल्या जाणाऱ्या दोन प्रार्थना त्यांच्याच चालीतल्या आहेत, एक ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधली आणि दुसरी ‘गुड्डी’ (१९७१) मधली. या चाली नीट पाहिल्या तर कळतं की त्या समूहासाठीच बांधल्या आहेत. सुरांची झेप लहान, प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा, आणि लय अशी की शेवटच्या रांगेतलं मूलही धरू शकेल.

आज अनेक शाळांत परिपाठाला स्पीकरवर ट्रॅक लागतो आणि मुलं त्याच्याबरोबर म्हणतात. २०२३ मध्ये राज्यगीत ठरलं आणि राष्ट्रगीतासोबत तेही वाजू लागलं. ट्रॅकचे फायदे खरे आहेत. प्रत्येक शाळेत संगीत शिक्षक नसतो, राष्ट्रगीत ५२ सेकंदांच्या आसपास संपायला हवं आणि ट्रॅक ते बरोबर करतो. लय चुकत नाही, कोणी आजारी पडत नाही.

अडचण पट्टीची होते. ट्रॅक बहुधा मोठ्या गायकाच्या आवाजाच्या सोयीने रेकॉर्ड केलेला असतो. पुरुष साधारण काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये सहज गातात, बायका काळी चार-पाचमध्ये, लहान मुलांचा आवाज आणखी वेगळा. पुरुषाच्या पट्टीतला ट्रॅक लागला की मुलं खालचे सूर नुसते पुटपुटतात आणि वरच्या सुराला ओरडतात. पेटीवर बसलेल्या बाई दुसऱ्या दिवशी पट्टी बदलतात. ट्रॅक बदलत नाही. शिवाय मुलं स्पीकरच्या आवाजात स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकत नाहीत. दहा वर्षं रोज परिपाठ म्हणूनही सुरात गाता न येणारी मुलं तयार होतात त्याचं हे एक कारण आहे. उपाय फार खर्चिक नाही. पट्टी बदलणारी अ‍ॅप्स मोबाइलवर मिळतात, आठवड्यातून एक दिवस ट्रॅक बंद ठेवता येतो. करायला मात्र कोणीतरी कान देऊन ऐकणारं लागतं.

एकच चाल की चार आवाज?

पाश्चात्त्य कॉयरने पट्टीचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. उंच स्त्री आवाज सोप्रानो, खालचा आल्टो, उंच पुरुष आवाज टेनर, खालचा बास. चौघांनाही वेगवेगळी चाल, आणि त्या चारी एकमेकींत बसतात. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि असं गायला शिकवत. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे इतके वादक का होते, त्याचं उत्तर या शाळांत आहे.

भारतीय चालींना चार आवाज लावता येतात का, हा वाद मात्र जुना आहे. राग एका सुराच्या रेषेवर उभा असतो, खाली दुसरे सूर घातले की त्याचा रंग बदलतो. सलील चौधरींनी १९५८ मध्ये मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर सुरू करून लोकगीतांवर हा प्रयोग केला. मुंबईत व्हिक्टर परांज्योतींनी उभा केलेला कोरस त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी अनेक दशकं चालवला. भारतातल्या पहिल्या महिला वृंदगान संचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या कोरसने युरोपियन रचनांबरोबर भारतीय भाषांतल्या रचनाही परदेशात गायल्या.

सामान्य प्रेक्षकांपर्यंत हा प्रकार पोहोचला तो २०१० मध्ये, टीव्हीवर. शिलाँग चेंबर कॉयरने ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकलं आणि हिंदी सिनेमाची गाणी चार आवाजांत ऐकायला मिळाली. त्यांचे संस्थापक नील नाँगकिन्‍रिह समोर उभे राहून हातवारे करत नसत. ते पियानोवर बसून सगळं चालवत, आपल्या पेटीवरच्या बुवांसारखंच. २०२२ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं.

कॉलेजच्या मुलांचं चित्र आणखी वेगळं. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात समूहगीत हा मानाचा प्रकार आहे. सहा गायक आणि तीन वादक, एवढीच परवानगी. सहा जणांत समोर संचालक उभा राहत नाही. ते अर्धवर्तुळात उभे राहून एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. रचना बांधणारा, तालमी घेणारा माणूस विंगेत उभा असतो, घामाघूम. इथे संचालकाचं सगळं काम मंचावर जाण्याआधी संपलेलं असतं.

आपल्या संगीतशिक्षणात मात्र या कामाला जागा कमी आहे. संगीताच्या परीक्षांत विद्यार्थी एकटा गातो किंवा वाजवतो. तीस जणांकडून गाऊन कसं घ्यायचं हे भजनात बुवांच्या मागे बसून शिकायचं किंवा चुका करत करत.

कोविडने काय केलं?

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली कोरालची तालीम झाली. ६१ जण आले होते, अडीच तास गायले. त्यांतले ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. हवेतून विषाणू पसरतो हे समजायला या एका तालमीची नोंद महत्त्वाची ठरली. एकत्र श्वास घेणं हेच ज्या कलेचं मूळ, तीच धोक्याची ठरली आणि जगभर कॉयर बंद झाले. आपल्याकडे त्या वर्षी पालख्या एसटी बसने मोजक्या वारकऱ्यांसह पंढरपूरला गेल्या.

मग सगळे ऑनलाइन गेले आणि पहिल्याच दिवशी कळलं की व्हिडिओ कॉलवर एकत्र गाता येत नाही. एकत्र गाताना दोन आवाजांत साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, त्याहून जास्त झाला की लय घसरू लागते. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये तो याच्या कितीतरी पट असतो. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो, गाणं मंदावत जातं आणि शेवटी थांबतं. हौशी मंडळांनी तोडगा काढला, बुवांचा माइक चालू आणि बाकी सगळे म्यूट. घरातल्या घरात प्रत्येकाला भजनात बसल्याचं समाधान मिळालं. पण बुवांना कोणीच ऐकू येत नव्हतं. ओळ म्हणायची आणि शांततेकडे पाहत पुढची ओळ म्हणायची, यात संचालकाचं अर्धं काम गेलंच.

उशीर कमी करणारी साधनं आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं जॅकट्रिप हे त्यांतलं एक. पनवेल आणि पुण्यातल्या दोन मंडळांना चांगल्या केबलवर ते उपयोगी पडू शकतं. पण न्यू जर्सीतल्या मुलीला पनवेलच्या आईबरोबर आरती म्हणायची असेल तर? अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल अगदी सरळ रेषेत टाकली तरी एका बाजूने साठ मिलिसेकंदांहून जास्त लागणारच. कितीही महागडं इंटरनेट घ्या, हा आकडा खाली येणार नाही.

एडिटर नावाचा नवा संचालक

दुसरी वाट आधीच तयार होती. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० मध्ये ‘व्हर्च्युअल कॉयर’ केला. त्यांनी स्वतःचा हात हलवतानाचा व्हिडिओ टाकला, १२ देशांतल्या १८५ जणांनी तो पाहत आपापल्या घरी गाऊन रेकॉर्डिंग पाठवलं आणि नंतर सगळं जोडलं. २०२० च्या त्यांच्या प्रयोगात १२९ देशांतले १७ हजारांहून जास्त गायक होते.

खरं तर भारताने असं काहीतरी आधीच पाहिलं होतं. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर पहिल्यांदा दिसलेलं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’. पंडित भीमसेन जोशींच्या भैरवीने सुरुवात, मग एकेक भाषा, एकेक गाव. त्यात गाणारे कधीच एका खोलीत नव्हते. एकत्र आणलं ते संपादनाच्या टेबलावर.

या पद्धतीत अधिकार कोणाकडे गेला ते पाहा. गायक कानात हेडफोन घालून एकटा गातो. चुकला तर पुन्हा रेकॉर्ड करतो, दहा वेळा, वीस वेळा. मग एडिटर प्रत्येकाचा ट्रॅक पुढे-मागे सरकवतो, बेसूर सुरांना सॉफ्टवेअरने जागेवर बसवतो, कोणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवतो. पूर्वी मागच्या रांगेतल्या कच्च्या गायकाला संचालक तालमीत सुधारायचा. आता त्याचा आवाज नुसता कमी केला जातो आणि त्याला ते कळतही नाही. व्हिडिओत चेहरा मात्र असतो. सोशल मीडियावर दिसणाऱ्या ‘शंभर गायकांचं एक गाणं’ प्रकारच्या व्हिडिओंत यातलं थोडंफार असतंच. हे वाईटच आहे असं नाही. परदेशातला, आजारी, अंथरुणावरचा माणूसही त्यात गाऊ शकतो, जो तालमीला कधीच आला नसता. पण त्याला समूहगान म्हणायचं की समूहाचं रेकॉर्डिंग, हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

मोठ्या स्टेजवरच्या थेट कार्यक्रमांतही संचालक पडद्यामागे चाललाय. पडद्यावरची दृश्यं, दिवे आणि आधी रेकॉर्ड केलेली वाद्यं यांच्याशी जुळायचं तर गायकांच्या कानात ‘टक-टक’ असा क्लिक ट्रॅक सोडतात. अशा वेळी संचालक लय ठरवत नाही, ठरलेली लय दाखवतो. एखाद्या ओळीला टाळ्या पडल्या म्हणून तिथे थांबावं, ती पुन्हा घ्यावी, ही मोकळीक जाते. भजनातल्या बुवांना हे सांगून पाहा, ते पेटी बंद करून उठतील.

यंत्रमानव हात हलवेल, पण ऐकेल का?

२०१७ मध्ये इटलीतल्या पिसा शहरात ‘युमी’ नावाच्या दोन हातांच्या यंत्रमानवाने वाद्यवृंद चालवला आणि गायक होते आंद्रेआ बोचेली. त्याआधी आंद्रेआ कोलोंबिनी या माणसाने त्याचे हात धरून त्याला हालचाली शिकवल्या होत्या. २०२३ मध्ये दक्षिण कोरियात ‘एव्हर ६’ ने असाच प्रयोग केला. दोन्ही ठिकाणी अडचण एकच. यंत्र ठरलेल्या हालचाली अचूक करतं, पण गायकाने एखादा सूर जास्त धरला तर थांबत नाही. म्हणजे तो हात हलवणारा ट्रॅकच झाला.

बुवा, आणि आता बाई

तंत्रज्ञानापेक्षा मोठा बदल कदाचित माणसांत आहे. जगभर संचालक म्हणजे कोटातला, रागीट पुरुष अशी प्रतिमा होती. लंडनच्या प्रसिद्ध प्रॉम्स महोत्सवाची शेवटची रात्र एका स्त्रीने, मॅरिन अ‍ॅल्सॉप यांनी, पहिल्यांदा चालवली ती २०१३ मध्ये, महोत्सव सुरू होऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर. आपल्याकडे कूमी वाडिया हे काम त्याआधी अनेक दशकं करत होत्या, पण पाश्चात्त्य संगीताच्या छोट्या वर्तुळात.

भजनात महिला मंडळं जुनीच आहेत. बदल झालाय तो वाद्यांत. पूर्वी अनेक महिला मंडळांत गाणं बायकांचं आणि पेटी-पखवाजाला पुरुष बोलवायचे. लय ज्याच्या हातात, गाणं त्याच्या हातात, त्यामुळे खरं संचालन त्या पखवाजवाल्याकडेच राहायचं. आता पेटी आणि पखवाजावर बायका दिसतात. स्पर्धांमुळे तालमी वाढल्या, यूट्यूबवरून ठेके शिकता येऊ लागले. शहरी सोसायट्यांत तर वेगवेगळ्या गावांहून आलेल्या बायकांचं मंडळ बसतं. प्रत्येकीची माहेरची चाल वेगळी, आणि मग कोणती चाल घ्यायची हे ठरवणं हेच मुख्य काम होतं.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनीही चित्र बदललं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या बारीला घड्याळ लागलं आणि बुवांना वेळेचं भान ठेवून गजर आवरावा लागतो. दुसरीकडे, माइक बंद केल्यावर कोरसला एकमेकांचे आवाज पुन्हा ऐकू येतात, हेही खरं.

सोसायटीच्या आरतीचं काय करायचं?

बहुतेकांचा समूहगानाशी संबंध वर्षातून एकदा, गणपतीच्या आरतीत येतो. तिथे दरवर्षी एकच गोष्ट घडते. सुरुवात संथ, मग टाळ्यांबरोबर लय वाढत वाढत जाते, शेवटी कोणीतरी झांज घेऊन सुटतं आणि मागची आजी अर्धी ओळ मागे राहते. लय वाढते कारण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या टाळीच्या किंचित आधी टाळी देतो, आणि कोणाकडे पाहायचं हे ठरलेलं नसतं.

त्यासाठी स्पीकरवर आरती लावायची गरज नाही. झांज एकाच्याच हातात द्यावी आणि त्याला म्हणणाऱ्याच्या शेजारी, सगळ्यांना हात दिसेल असं उभं करावं. पट्टी बायका आणि पुरुष दोघांना जमेल अशी मधली घ्यावी. पेटी असेल तर पांढरी चारच्या आसपास सुरू करून पाहता येईल. पहिली ओळ एकाने म्हणावी, मग हात वर करून सगळ्यांना श्वास घ्यायला लावावा आणि दुसऱ्या वेळी सगळ्यांनी एकत्र उचलावी. व्हिडिओ कॉलवर कोणी अमेरिकेतून असेल तर त्याला म्यूट करू नये, आरती संपल्यावर एक कडवं एकट्याने म्हणायला सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.